डावा पंख खाली, डावं एलेरॉन खाली

जायरो बसवलेल्या मॉडेल विमानाचा डावा पंख हाताने झटकन खाली दाबला, तर त्याच पंखाच्या मागच्या कडेवरचं एलेरॉन खाली झुकायला हवं. नाक वर उचललं, तर शेपटीवरचं एलेव्हेटर खाली यायला हवं. नाक उजवीकडे वळवलं, तर रडर डावीकडे जायला हवं. तिन्ही प्रतिसाद झालेल्या हालचालीच्या विरुद्ध असतात आणि तसेच असावे लागतात. त्यातला एक जरी उलटा निघाला, तर विमान किंचित कललं की जायरो, म्हणजे हालचाल ओळखून हे पृष्ठभाग हलवणारं उपकरण, त्याला आणखी कलवतो, आणखी कललं की आणखी. चाकं जमिनीवरून सुटल्यावर ही चूक सुधारायला वेळ नसतो. म्हणून ती टेबलावरच सापडायला हवी.

असं एक टेबल मी बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत पाहिलं. मूळचे निपाणीचे एक गृहस्थ, यंत्रशाळेत हयात काढून निवृत्त झालेले, गावातल्या घराच्या माडीवर मॉडेल विमानं बांधतात. त्यांच्याकडे येणारा भाचा अभियांत्रिकीला आहे. तो त्यांना मामा म्हणतो, म्हणून तिथे येणारे सगळेच त्यांना मामा म्हणतात. टेबलावर फोमचं जेट होतं, पोटात ८० मिलिमीटरचा विजेवर चालणारा डक्टेड फॅन. भाचा ट्रान्समीटरची काडी हलवून सगळं नीट चालतंय म्हणाला. मामा म्हणाले, ‘‘काडीची दिशा वेगळी नि जायरोची वेगळी. दोन्ही बघायला लागतात की.’’ मग त्यांनी पंख धरून एक हिसका दिला. एलेरॉन क्षणभर हललं आणि परत मध्यावर आलं. हात सावकाश फिरवला असता तर हालचाल दिसलीसुद्धा नसती.

एलेरॉन मध्यावर परत का येतं, यात या उपकरणाचं सगळं मर्म आहे. साध्या ‘रेट’ पद्धतीत चालणारा जायरो विमान किती कललंय हे ओळखत नाही. ते किती वेगाने कलतंय एवढंच त्याला कळतं. पंख कललेलाच राहिला पण हलायचा थांबला, की जायरोच्या लेखी काही घडत नाहीये. तो वळण्याला विरोध करतो, धक्का शोषतो. ‘ही दिशा बरोबर, ती चूक’ हे त्याला ठाऊक नसतं. शास्त्राच्या भाषेत तो अवमंदन देतो, स्थैर्य देत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. मॉडेल जेट पाडणाऱ्यांपैकी अनेकजण ती एकच समजतात असं माझं मत आहे.

स्थैर्य कुठून येतं हे ज्या मराठी माणसाला बंगळुरूत फार आधीपासून नीट ठाऊक होतं, त्याचं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले घाटगे जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. परतल्यावर घाटगे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तिथे १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्या हाताखाली. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं हे विमान १९५१ च्या ऑगस्टात उडालं. हिंदुस्थान एअरक्राफ्टची सुरुवातही एका सोलापूरकराने केली होती. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात ही कंपनी उभी केली. आपल्याकडे वालचंदांचं नाव निघतं ते साखर कारखान्याच्या आणि जहाजांच्या संदर्भात. घाटग्यांचं तर फारसं निघतच नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे.

एचटी-२ मध्ये जायरोवर चालणारी कसली स्थिरक यंत्रणा नव्हती. नवशिक्याच्या हाती द्यायचं विमान, त्यामुळे ते मुळातच शहाणं असणं भाग होतं. ते शहाणपण आराखड्यातूनच येतं. शेपटीचं क्षेत्रफळ किती, ती किती मागे, पंखाला वरच्या बाजूला उचल किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुरुत्वमध्य कुठे. गुरुत्वमध्य योग्य तेवढा पुढे असला, की वाऱ्याच्या झोताने वर उचललेलं नाक आपोआप खाली येतं. तो मागे सरकत गेला की हा गुण कमी होत जातो, आणि एका बिंदूपलीकडे उलटा होतो. मग वर गेलेलं नाक आणखी वर जाऊ पाहतं.

या बिंदूच्या पलीकडे जाणीवपूर्वक गेलेलं विमानही बंगळुरूतच घडलं. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी प्रथम उडवलं. शेपटीचा आडवा पंख नसलेलं हे त्रिकोणी पंखांचं लढाऊ विमान नाकाच्या वर-खाली हालचालीत मुळातच अस्थिर ठेवलं आहे, कारण अस्थिर विमान चटकन वळतं. त्याला आकाशात सरळ ठेवण्याचं काम संगणकाचं. चार समांतर मार्गिका असलेली डिजिटल उड्डाण-नियंत्रण व्यवस्था सतत मोजत असते आणि पृष्ठभाग हलवत असते. तिचे नियंत्रण-नियम घडवणाऱ्या गटाचं केंद्र राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत होतं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तिथून मिळणारी मदत तुटली, आणि उरलेलं काम इथल्या माणसांनी पुरं केलं. चार मार्गिका का, तर एक बिघडली तर उरलेल्या तिघींनी बहुमताने तिला बाजूला सारावं आणि तरीही विमान उडत राहावं.

मॉडेल जेटमध्ये मार्गिका एकच. काडेपेटीएवढी डबी, तिच्यात सिलिकॉनची एक चकती. त्या चकतीत कोरलेलं सूक्ष्म वजन अखंड थरथरत असतं. अशा चकत्यांत सेकंदाला तीसेक हजार कंपनं ही नेहमीची गोष्ट. डबी फिरली की कोरिऑलिस बलामुळे ते वजन किंचित आडवं सरकतं, आणि त्या सरकण्यावरून फिरण्याचा वेग कळतो. पूर्वी हेच काम फिरत्या चाकाने व्हायचं. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकी तरुणाने जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवरून विमान नेताना दोन्ही हात वर करून दाखवले होते, आणि त्याचा मदतनीस पंखावर चालत गेला होता. विमान सरळ राहिलं ते जायरोच्या चाकांमुळे. मॉडेलच्या जगात जायरो आधी आला तो हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी, कारण त्याशिवाय शेपूट ताब्यात राहतच नसे. पंखांच्या विमानांकडे तो नंतर वळला. आज पॉवरबॉक्सचा आयजायरो, बव्हेरियन डेमनचा कॉर्टेक्स, स्पेक्ट्रमचं एएसथ्रीएक्स अशी नावं जेटवाल्यांच्या तोंडी असतात. आयनॅव्ह किंवा अर्डूपायलट ही खुली सॉफ्टवेअर घेऊन स्वतः सगळं जुळवणारेही आहेत.

मॉडेलला जायरो इतका उपयोगी का पडतो, याचं कारण आकारात आहे. मूळ विमानाच्या आठव्या हिश्शाचं मॉडेल घेतलं, तर त्याच्या हालचाली आठच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.८ पटीने जलद होतात. खऱ्या वैमानिकाला जो झोका तीन सेकंद मिळतो, तो खाली उभ्या माणसाला जेमतेम एक सेकंद मिळतो. शिवाय मॉडेल दूर असतं आणि त्याचा धक्का आपल्या पाठीला जाणवत नाही. डोळ्यांनी बघून, समजून, अंगठा हलेपर्यंत पुढचा झोका आलेला असतो. जायरोला हा उशीर नसतो.

तेव्हा तेजस अस्थिर असूनही उडतं, तर गुरुत्वमध्य थोडा मागे गेला म्हणून काय झालं, जायरो आहेच, असं म्हणण्याचा मोह होतो. भाच्यानेही तेच विचारलं. गुरुत्वमध्य मागेच राहू दिला की नाकात शिसं घालायला लागत नाही, वजन वाचतं, आणि तेजसचं उदाहरण त्याच्या तोंडी होतं. मामांनी उत्तर न देता विमान उचललं, पंखाखाली दोन बोटं ठेवून तोललं, आणि बॅटरी पुढे ढकलली. मला वाटतं, घाटग्यांच्या आणि तेजसच्या काळातलं अंतर त्या एका कृतीत होतं. तेजसची व्यवस्था विमानाचा हल्ला-कोन, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, मोजते, हवेतला वेग मोजते, आणि त्या मोजमापांवर वर्षानुवर्षांची गणितं बसवलेली असतात. मॉडेलच्या रेट जायरोला यातलं काहीच ठाऊक नाही. स्थैर्य त्याच्या आधी विमानात असावं लागतं.

म्हणून जायरोची जुळणी खरं तर जायरोच्या आधी सुरू होते. टर्बाइनचं जेट असेल तर मुख्य टाकी रिकामी ठेवून तोल बघायचा, कारण उतरताना ती जवळपास रिकामीच असणार. चाकं पुढे-मागे मुडपत असतील तर वर आणि खाली दोन्ही स्थितींत बघायचं. मग पृष्ठभाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटरपासून पृष्ठभागापर्यंतचा प्रत्येक दुवा बोटांनी हलवून बघायचा. कडेला मिलिमीटरभर जरी खुळखुळाट असला, तरी तो माणसाच्या अंगठ्याला कळत नाही, पण जायरोला छळतो. त्याने सुधारणा सांगितली, पृष्ठभाग उशिरा हलला, मग जास्त हलला, मग उलट सुधारणा आली. या चक्रातून जी थरथर सुरू होते तिचा दोष नेहमी डबीला दिला जातो. बहुतेक वेळा तो दुव्याच्या टोकाला असलेल्या, घासलेल्या क्लेव्हिसचा किंवा स्वस्त सर्व्होच्या गिअरचा असतो.

डबी विमानाच्या अक्षांना समांतर आणि घट्ट बसवायची. ताठ वस्तूचा फिरण्याचा वेग तिच्या प्रत्येक बिंदूला सारखाच असतो, त्यामुळे निव्वळ जायरो गुरुत्वमध्यावरच हवा असं नाही. त्वरणमापकाचाही उपयोग होणार असेल तर मात्र तो मध्याजवळ हवा. खरी काळजी कंपनांची. मॉडेलचं टर्बाइन मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं, डक्टेड फॅनही काही दहा हजारांच्या घरात फिरतो, आणि पात्यांचा तोल थोडा जरी बिघडला तरी ते थरथरणं सेन्सरपर्यंत पोहोचतं. मामांनी पातळ फोमची दुतर्फी चिकटपट्टी वापरली होती आणि डबीला जाणाऱ्या वायरी सैल वळवून ठेवल्या होत्या. ताणलेली वायर कंपन सरळ डबीत आणून सोडते. त्यांच्या हातातला तो सराव, वायरीला सोडलेली ती बोटभर ढील, मी बराच वेळ बघत होतो. मांडणीची अशी शिस्त पुस्तकात क्वचित सापडते.

वीज दिल्यावर काही सेकंद विमानाला हात लावायचा नाही. तेवढ्यात जायरो स्वतःचं शून्य ठरवतो. मैदानात वाऱ्याने विमान डुलत असेल तर ते चुकतं. काडीचं मध्यस्थानही त्याला शिकवून ठेवावं लागतं, आणि ट्रान्समीटरवर सबट्रिम, म्हणजे सर्व्होचा मध्य, बदलला की पुन्हा शिकवावं लागतं. नाहीतर मध्यापासून सरकलेली काडी म्हणजे वैमानिकाची आज्ञा, असं तो समजतो. त्रिकोणी पंखांचं मॉडेल असेल, तेजसचंच समजा, तर एलेरॉन आणि एलेव्हेटर एकाच पृष्ठभागात असतात. त्यांचं मिश्रण ट्रान्समीटरमध्ये करा किंवा जायरोत करा, दोन्हीकडे मात्र करू नका. ही चूक जमिनीवर विचित्र हालचालींतून लगेच दिसते, फक्त बघायला हवं.

त्यानंतर गेन, म्हणजे जायरो किती जोराने सुधारणा करतो ते प्रमाण, आणि इथे घाई करणाऱ्यांचं नुकसान होतं. पृष्ठभागावरचं हवेचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. उतरताना ताशी ६० किलोमीटर आणि खालून वेगात जाताना १८० असेल, तर वेग तिप्पट आणि तेवढ्याच झुकावाचं बल नऊपट. उतरताना मऊ वाटणारा गेन वेगात विमानाला फडफडवतो. गेन जास्त झाला की जायरोची सुधारणा सर्व्होच्या उशिरामुळे पुढच्या झोक्याच्या वेळी पोहोचते, मग ती झोका शमवण्याऐवजी वाढवते. म्हणून गेन एका फिरत्या बटणावर ठेवतात, खालून सुरुवात करतात, एकेका अक्षाचा वेगळा वाढवतात. वेगात पृष्ठभागाची बारीक कंपनं दिसली की लगेच खाली आणतात, आणि जिथे ती दिसली त्याच्या बरंच अलीकडे थांबतात. मग तीन स्थिती: उड्डाण, वेग, उतरणं. काही जायरो हवेचा वेग किंवा थ्रॉटलची जागा बघून गेन स्वतः कमी करतात. काडी जितकी लांब न्याल तितका गेन उतरावा, अशीही सोय असते. ती नसली तर रोल मारताना जायरो आपल्याशीच भांडतो.

पुढच्या चाकाला जायरो जोडला तर धावपट्टीवर जेट सरळ धावतं. माझ्या मते याहून समाधान देणारा त्याचा दुसरा उपयोग नाही. वेग वाढेल तसा तिथलाही गेन उतरवावा लागतो, नाहीतर चाक सापासारखं सळसळतं.

धोक्याची खरी जागा मात्र संथ वेगात आहे. पंख उचल गमावण्याच्या, म्हणजे स्टॉलच्या जवळ आला, की एक बाजू खाली पडू लागते. जायरो काय करतो? शिकवल्याप्रमाणे त्या बाजूचं एलेरॉन खाली करतो. त्यामुळे पंखाच्या टोकाचा हल्ला-कोन आणखी वाढतो आणि आधीच दमलेलं टोक पूर्ण सुटतं. शिवाय स्टॉलच्या आधी विमान जे डळमळतं, ती सूचना जायरो शमवून टाकतो. वैमानिकाला वाटतं, किती सुंदर उतरतंय. ‘हेडिंग होल्ड’ नावाची पद्धत तर नाकाचा कोन धरूनच ठेवते. वेग संपत चालला तरी ती नाक खाली जाऊ देत नाही. नवख्याने ती उतरताना वापरू नये.

मुंबई-कोकणातून इथे आलेल्या मॉडेलवाल्यांना हा धोका थोडा जास्तच. इथला केंपेगौडा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा आठ-साडेआठ टक्क्यांनी विरळ, त्यामुळे स्टॉलचा जमिनीवरून दिसणारा वेग चार-साडेचार टक्क्यांनी जास्त. किनाऱ्यावर सवय झालेल्या डोळ्यांना इथे विमान वेगात येतंय असं वाटतं आणि अंगठा नकळत काडी मागे ओढतो. पावसाळ्यातला पश्चिमेचा वाराही जोरकस असतो. विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्याही त्याच दिशेला, पूर्व-पश्चिम टाकलेल्या आहेत.

त्या धावपट्ट्यांमुळेच देवनहळ्ळीत हे जेट उडवता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. सरकारी नकाशावर आकाश लाल, पिवळं, हिरवं रंगवलेलं आहे, आणि विमानतळाला इतक्या जवळच्या गावावर हिरवं आकाश नाही. नियम योग्यच आहे. पोटात माणसं घेऊन उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत छंदाचं जेट येता कामा नये. म्हणून माडीवर जुळणी आणि पहाटे गाडीत घालून कोलारच्या बाजूला, कोरड्या मोकळ्या जमिनीवर उड्डाण.

मोकळी जमीनही आता सहज मिळत नाही. विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला आणि मागोमाग एरोस्पेस उद्योग आले. देवनहळ्ळी तालुक्याच्या चन्नरायपट्टण होबळीतल्या गावांतली १,७७७ एकर जमीन त्यासाठी घ्यायची ठरली, तेव्हा शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलनाला बसले, आणि जुलै २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने ते संपादन मागे घेतलं. विमानांवर माझा जीव आहे, तरी तो निर्णय मला बरोबर वाटतो. भाजी-द्राक्षं पिकवणारी आणि चकोत्र्यासाठी ओळखली जाणारी ही माती एकदा गेली की परत येत नाही.

उड्डाणाला मुलं कुठून येतील, हा प्रश्न मात्र मला सतावतो. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात. अखिल भारतीय वायू सैनिक शिबिर अनेक वर्षं इथून जवळच जक्कूरच्या हवाई तळावर भरत असे, आणि महाराष्ट्राची मुलं त्यासाठी यायची. बाल्सा लाकडावर सँडपेपर फिरवणारा, तोल बोटांवर बघणारा हात तिथे तयार होतो. जायरो स्वस्त झाल्यावर बाजारात मिळणारं तयार फोमचं विमान पहिल्या दिवशी उडतं, ही चांगली गोष्ट आहे. पण तोल बघण्याची गरजच त्या मुलाला भासली नाही, तर पुढे तो घाटग्यांच्या वाटेने जाणार कसा?

मामांनी त्या फोमच्या जेटचं पहिलं उड्डाण जायरो बंद ठेवून केलं. भाच्याला ते पटलं नव्हतं. विमान थोडं उजवीकडे ओढत होतं, नाक जरा वर जात होतं. दोन गिरक्यांत ट्रिम लावून त्यांनी ते उतरवलं, मग खाली बसून ती ट्रिम सर्व्होच्या दुव्यांत उतरवली, ट्रान्समीटरवरची शून्यावर आणली आणि जायरोला मध्यस्थान पुन्हा शिकवलं. पुढच्या उड्डाणात आधी फक्त एलेरॉन, नंतर रडर. मधे वारा आडवा झाला, तरी पंख सरळ राहिले. भाचा ‘मामा, बघा की’ म्हणत राहिला. एलेव्हेटरचा गेन त्यांनी सगळ्यात शेवटी दिला आणि उतरण्याच्या स्थितीत तो तिन्ही स्थितींपेक्षा सगळ्यात कमी ठेवला, कारण चाकं टेकवायच्या आधी नाक जड होऊन स्वतः खाली येऊ पाहतंय का, हे त्यांना बघायचं असतं.